पाचशे काय?

इरावती धुरीचा कॉम्प्युटर चालू करायला केसांचा आकडा लागायचा. पुढचं बटण दोन वर्षांपूर्वी आत गेलं ते बाहेर आलंच नाही. भोकात आकडा घालायचा, आतली पट्टी दाबायची, मग तो डबा घरघरत जागा व्हायचा. घरी कुणी आलं नि हसलं, तर इरावती म्हणायची, "तुमच्या गाडीला किल्ली लागते ना? ही माझी किल्ली."

लालबागला मसाल्याच्या दुकानांवर दुसऱ्या माळ्यावर तिची खोली. मूळ गाव मालवणकडचं. आजोबा गिरणीत, पण वडील गुणाजी धुरी गिरणीत गेले नाहीत. ते गिरगावात एका छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे, चौतीस वर्षं. इरावती हे नावही त्यांनी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेत जुळवलं होतं. आवडलं, म्हणून मुलीला ठेवलं. चाळीतल्या नंदा-मंदांमध्ये एकटी इरावती. पुढे त्याच छापखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मालकांनी दोन पुरुष कामगारांना शिकायला बसवलं. तिथेच प्रुफं वाचायला लागलेली इरावती दुपारच्या सुट्टीत डबा न खाता त्यावर हात बसवायची. सहा महिन्यांत ते दोघे तिला विचारून काम करू लागले. छापखाना बंद पडला, पण तिचं काम बंद पडलं नाही. घरीच टेबल मांडून ती पुस्तकं, प्रबंध, स्मरणिका लावायची, म्हणजे टाइप करून पानं तयार करायची, आणि प्रुफंही स्वतःच वाचायची. आता बावन्न वर्षांची होती. लग्न का केलं नाही, हे विचारणारे थकले होते.

त्या मे महिन्यात तिच्याकडे एक मोठं काम होतं. माहीमच्या कोळीवाड्यातल्या दमयंती तांडेल या निवृत्त शिक्षिकेने तीस वर्षं खपून कोळी बोलीचा शब्दकोश तयार केला होता. जाळ्यांची नावं, वाऱ्यांची नावं, होडीच्या एकेका फळीचं नाव, शिव्यासुद्धा. सगळं अकरा वह्यांमध्ये, निळ्या शाईत. पुस्तक काढणार होता दादरचा राजरत्न. त्याच्या वडिलांचं प्रकाशन आता तो सांभाळायचा. साडेतीनशे पानांचा ऐवज. इरावतीची सगळी पानं लावून होत आली होती.

दुपारची वेळ. खाली मसाला कुटायच्या डंकिणी धडधडत होत्या, वर्षाचा मसाला करायला बायकांची रांग लागलेली, मिरच्यांचा ठसका दुसऱ्या माळ्यापर्यंत. लाइट गेली. दहा मिनिटांनी आली, पुन्हा गेली, पुन्हा आली. आणि टेबलाखाली 'फट्' असा आवाज झाला. धूर फारसा नव्हता. जळक्या प्लास्टिकचा वास मात्र मिरचीच्या वासावर चढला.

हार्ड डिस्क गेली. दोन दुकानांत दाखवली. एकाने हात वर केले. दुसऱ्याने डोळे पांढरे होतील एवढा आकडा सांगितला, वर गॅरंटी नाही म्हणाला. पेन ड्राइव्हवर दोनशे दहा पानं होती. पुढची एकशे चाळीस गेली ती गेली.

इरावती रडली नाही असं नाही. पण संध्याकाळी तोंड धुतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच दादरला जाऊन राजरत्नसमोर बसली.

"एकशे चाळीस पानं मी पुन्हा लावते," ती म्हणाली. "त्याचे पैसे मागणार नाही. माझ्या मशीनमुळे गेली, मी भरून देईन."

राजरत्न चाळिशीचा, बोलायला गोड. "ताई, प्रश्न पैशाचा नाही. स्पष्ट बोलू का? तुमचं मशीन जुनं झालंय. आणि राग मानू नका, ही कामाची पद्धतही जुनी झालीय. माझ्या ओळखीची एक एजन्सी आहे. वहीचे फोटो पाठवायचे, सॉफ्टवेअर वाचतं, आठ दिवसांत पानं हातात. नारळी पौर्णिमेला प्रकाशन करायचंय मला."

"माझी पानं वेळेत होतील."

"आणि मशीन पुन्हा उडालं तर?"

"उडणार नाही."

"कशावरून?"

हा 'कशावरून' तिला लागला. राजरत्नने तिला पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली, तीही उपकार केल्यासारखी. जिना उतरताना तिच्या डोक्यात तो एकच शब्द फिरत होता.

दमयंतीबाईंना फोन करायची भीती वाटत होती. तीस वर्षांचं काम, आणि आपल्या हातून हे झालं. पण बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझ्या वह्या जळल्या का गो?"

"नाही. वह्या कपाटात आहेत."

"मग रडतेस कशाला? बरंच झालं. 'पाग' शब्दाखाली मला आणखी चार ओळी घालायच्या होत्या. आता घालते."

परळच्या एका चाळीत जिन्याखाली दत्तूकाकांचं दुकान. दुकान म्हणजे एक फळी, एक बल्ब आणि चारी बाजूंनी उघडून ठेवलेले पंखे-मिक्सर. काका गिरणीत वायरमन होते, गिरणी गेल्यावर इथे बसले. इरावतीने अख्खा डबा टॅक्सीत घालून तिथे नेला.

काकांनी आतली पॉवर सप्लायची पेटी सोडवली. भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारी ही पेटी. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. पेटी हातात घेऊन काकांनी पहिल्यांदा शिंकच दिली. आत लाल मिरचीची भुकटी साचली होती.

"गो बाय, ह्या खयसून घेतलंस?"

"दादरला. अनिशच्या दुकानातून, डब्याबरोबरच. तीन वर्षं झाली."

"तू हात लावू नको. बंद झाला तरी आत करंट धरून ऱ्हवता." त्यांनी जपून झाकण काढलं आणि हिरवी पाटी बल्बखाली धरली. "बघ. काय दिसता?"

इरावतीने चष्मा सरकवला. पाटीवर पांढऱ्या शाईत चौकटी छापल्या होत्या, प्रत्येकीजवळ अक्षर-आकडा. आणि कित्येक चौकटींत काहीच नव्हतं. नुसती भोकं, काही ठिकाणी एक तार वाकवून डागलेली.

"जागा सोडलीय, पण मजकूरच नाही," ती म्हणाली.

"तसाच आसा. वीज गाळूक, जास्त झाली तर तोडूक जा सामान लागता, ता घातल्यानीच नाय. नुसतो डबो. असलो डबो मरताना दुसऱ्याक घेवन मरता."

इरावतीने झाकण उलटं केलं. वर सोनेरी अक्षरांत ५०० असा ठळक आकडा. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत एक तक्ता. तिचा जन्म मुंगीएवढी अक्षरं वाचण्यात गेला होता. ती ठळक अक्षराशी कधी थांबायचीच नाही. सगळे तिथेच फसतात, चुका असतात त्या तळटिपेत.

"काका, हे बारा व्होल्ट, चौदा अँपिअर म्हणजे काय?"

"मशीनचा खरा काम बारा व्होल्टार चलता. बारान चौदाक गुण. वॅट गावतले."

"एकशे अडुसष्ट." ती थांबली. "मग हे पाचशे काय?"

काकांनी खांदे उडवले. इरावतीने आकडा पुन्हा बघितला, अक्षर अन् अक्षर. ५००. पुढे वॅट नाही, काही नाही. नुसता आकडा. पत्रिकेत 'श्रीमान' छापावं आणि पुढे नाव घालायला विसरावं, तसा. पण हे विसरलेलं नव्हतं.

मदरबोर्ड मात्र वाचला होता. काकांनी दुसऱ्या चांगल्या पेटीवर लावून दाखवला. "तुझा नशीब. नवी पेटी घाल नि चालव."

"आणि हा डबा?" पुढून बंद, हवा घ्यायला खाली बोटभर फट, बाजूचा पत्रा दाबला की आत जाणारा. त्यात मसाल्याच्या गल्लीत राहणं. "काका, मी श्वास कोंडून काम केलं, हा पण तसाच करत होता. दोन्ही बदलते."

नवी डिस्क घेतल्यावर तिच्याकडे डबा आणि पेटी या दोन्हींसाठी मिळून पाच हजार उरत होते. त्याच्या वर रुपया नाही.

पण आधी ती अनिशकडे गेली. जुनं बिल तिच्या फायलीत होतं, ती कागद टाकणाऱ्यातली नव्हती. दुकानात गर्दी होती. काचेचे डबे रांगेत मांडलेले, आत निळे-जांभळे पंखे फिरत होते. अनिश तिशीचा, कानात फोनचं यंत्र, बोलणं एकाच वेळी तिघांशी.

"बोला काकू."

तिने पेटी काउंटरवर ठेवली. "ही तुम्ही दिली होती. उडाली. डिस्क घेऊन गेली."

"अरे काकू, व्होल्टेज आला असेल. लाइटचा प्रॉब्लेम, मशीन काय करणार? तीन साल चालला ना? मस्त चालला. पाचशेचा होता."

"पाचशे काय?"

"मतलब?"

"पाचशे काय? रुपये, ग्रॅम, काय?"

"वॅट हो काकू."

"दाखवा. कुठे लिहिलंय?"

अनिशने पेटी फिरवली. पुन्हा फिरवली. बाजूची दोन गिऱ्हाइकं आता इकडे बघू लागली होती.

"ते मॉडेलचं नाव असतं," तो शेवटी म्हणाला.

"मग बिलावर तुम्ही हाताने पाचशे वॅट का लिहिलंत?" तिने बिल उलगडलं. त्याचंच अक्षर, त्याचीच सही.

अनिशचा सूर बदलला. तो हसला, काउंटरच्या बाहेर आला. "काकू, तुम्ही आपल्या. झगडा कायको? हे बघा, नवीन डिझाइन, तिन्ही बाजूंनी काच, चार पंखे, रिमोटने कलर चेंज. वर आठशेचा एसएमपीएस फ्री. तुमच्यासाठी फक्त साडेचार."

खरं सांगायचं तर डबा सुंदर होता. निळ्याचा हळूहळू मोरपंखी होत होता, आणि इरावती क्षणभर बघतच राहिली. आयुष्यभर तिने काळं-पांढरंच बघितलं होतं. आपल्या टेबलावर असं काही असावं, असं तिला वाटून गेलं. मग तिने वाकून त्या फुकटच्या पेटीवरची बारीक अक्षरं वाचली, मोठ्याने, वर्गात धडा वाचावा तशी.

"आठशे. बारा व्होल्ट, अठरा अँपिअर. अठरा गुणिले बारा, दोनशे सोळा. आणि हे पुढून काचेने बंद आहे, हवा कुठून घेणार? चार पंखे आतल्या आत एकमेकांना वारा घालणार?"

एक गृहस्थ मुलीसाठी तसाच डबा घ्यायला आले होते. त्यांनी हातातली पेटी उलटी करून चष्मा लावला.

"काकू, धंद्याच्या टायमाला तमाशा नको," अनिश दबक्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला यातलं समजत नाही."

"तमाशा नाही. प्रूफ वाचतेय. आणि तुमची काकू नाही मी. माझी डिस्क नि पेटी, दोन्हीचे पैसे द्या."

"पैसे नाही मिळणार. जा, कुठे जायचं तिथे जा."

"जाते," इरावती म्हणाली आणि पेटी पिशवीत घातली. ते गृहस्थ तिच्यामागोमाग बाहेर पडले. फूटपाथवर त्यांनी विचारलं, "बाई, तो गुणाकार परत सांगता का?" तिने एका कागदाच्या पाठीमागे लिहून दिला.

शनिवारी सकाळी ती लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेली. एकटी. दत्तूकाका येतो म्हणाले होते, पण ती नाही म्हणाली. बरोबर पुरुष असला की दुकानदार त्याच्याशी बोलतात आणि पैसे बाईकडे मागतात. निघताना काकांनी एकच बजावलं होतं, "पेटीच्या वजनार जाव नको. वजनासाठी लोखंडाचो तुकडो घालून ठेवतत."

पहिल्या तीन दुकानांत तेच झालं. आधी काच दाखवायचे, मग दिवे, मग डब्याच्या पोटात जे असेल ते. ती म्हणायची, "आधी पॉवर सप्लाय दाखवा. उरलेल्या पैशात डबा." एकजण तर हसलाच, "मॅडम, लोक उलटं करतात." ती म्हणाली, "म्हणून उडतात."

चौथं दुकान एका इमारतीच्या पोटमाळ्यावर. कीर्ती नावाची एक बाई हिशोबाच्या टेबलाशी, चारी बाजूंनी खोके. पंचेचाळिशीची, गुजराती वळणाचं मराठी. तिने पहिल्यांदाच वेगळा प्रश्न विचारला.

"काम काय करता तुम्ही? गेम, व्हिडिओ?"

"अक्षरं लावते. पुस्तकं."

"वेगळं ग्राफिक कार्ड नाही ना? मग तुमच्या मशीनला दीडशे वॅट पण पुष्कळ. लोक तुम्हाला साडेसहाशे विकतील. घेऊ नका. साडेचारशे घ्या, पण खरे."

"खरे कसे ओळखायचे?"

कीर्तीने खोका पुढे सरकवला. इरावतीने वाचलं. बारा व्होल्ट, छत्तीस अँपिअर. मनात गुणाकार केला. चारशे बत्तीस. एकूण ४५०, आणि पुढे वॅट, स्पष्ट. वीज जास्त आली तर तुटेल, शॉर्ट झालं तर तुटेल, असं एकेक ओळीत. पाच वर्षांची गॅरंटी, कंपनीचा पत्ता, अनुक्रमांक. तिने खोक्यावरचा अनुक्रमांक आतल्या पेटीवरच्याशी ताडून बघितला. कीर्ती हसली.

"मास्तरीण आहात?"

"त्यापेक्षा वाईट. मुद्रितशोधक."

पेटीला तीन हजारांच्या आत-बाहेर गेले. डब्यासाठी दोन हजार राहिले. त्या पैशात कीर्तीकडे पाच डबे होते. इरावती तासभर ते बघत बसली. बाजूचा पत्रा अंगठ्याने दाबायची. दोन तिथेच बाद झाले. आतल्या कडेवरून बोट फिरवायची. एकाने बोटच कापलं, तोही बाद. उरले दोन. एकाला पुढे काळी जाळी, जाळीमागे धूळ अडवणारी पातळ चाळणी, ओढली की बाहेर येणारी, नळाखाली धुता येणारी. दुसरा दिसायला जास्त देखणा, पण त्याची चाळणी स्क्रूने बसवलेली. मसाल्याच्या गल्लीत रोज कोण स्क्रू उघडणार? तिने जाळीवाला घेतला. मग पिशवीतून टेप काढून पेटीच्या जागेपासून वरच्या कोपऱ्यापर्यंत मोजलं. पेटी या डब्यात तळाला बसत होती आणि प्रोसेसरची तार पार वर जायला हवी होती.

"पुरेल?" कीर्तीने विचारलं.

"चार बोटं उरते."

डबा सव्वादोन हजारांचा होता. तिने घासाघीस केली नाही. म्हणाली, "दोनच आहेत माझ्याकडे. कुठे चेपलेला असला तर तो द्या." कीर्तीने मागून एक आणला. पाठीमागे कोपऱ्याला पोचा. इरावतीने तो उघडला, सगळे स्क्रू बसतात का बघितलं आणि पक्कं बिल मागितलं. बिलावर वॅट लिहायला लावलं, अक्षरांत.

रविवारी दत्तूकाका तिच्या खोलीवर आले. सामान जुळवायला हात पुढे करणार, तोच तिने त्यांना स्टुलावर बसवलं आणि चहा हातात दिला. "तुम्ही फक्त चुकले तर सांगा." खिळ्याच्या पेटीत अक्षरं असतात तसे तिने स्क्रू आकाराप्रमाणे वाट्यांत वेगळे केले. मदरबोर्ड बसवला, पेटी तळाला सरकवली, तारा मागून घेतल्या. काका दोनदा 'गो गो गो' म्हणाले, बाकी चहा पीत राहिले. खाली डंकिणी चालूच होत्या.

बटण दाबलं. खरं बटण. काही आवाज आला नाही. तिने काकांकडे पाहिलं.

"चालू आसा," काका म्हणाले, जाळीपुढे हात धरून. "वारो येता."

इतकी वर्षं घरघर ऐकायची सवय, त्यामुळे शांततेलाच ती घाबरली होती. मग पडदा उजळला.

सोमवारी दहा वाजता ती राजरत्नसमोर होती. दोन कागद घेऊन गेली होती. एकावर गेलेल्या एकशे चाळीसपैकी पहिली चार पानं लावलेली, दुसऱ्यावर त्याच्या 'कशावरून'चं उत्तर, मुद्द्याला मुद्दा. राजरत्नने दुसरा कागद वाचलाच नाही. जरा ओशाळून म्हणाला, "ताई, मी तेवढ्यात माझ्याकडच्या झेरॉक्सवरून एजन्सीकडून दहा पानं करून घेतली. फक्त नमुना म्हणून. दमयंतीबाईंना पण बोलावलंय बघायला."

दमयंतीबाई आल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, हिरवं नऊवारी, कानात जुने जाडजूड झुमके. त्यांनी एजन्सीची पानं घेतली, एक बोट ओळीखाली ठेवून वाचू लागल्या आणि तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"हे काय?"

"काय झालं बाई?"

"पहाटे जमिनीवरून दर्यात जातो तो मतलई वारा. यांनी काय लिहिलंय? मतलबी वारा." त्यांनी पान राजरत्नपुढे धरलं. "अरे, माझा वारा मतलबी कधीपासून झाला? आणि हे बघ, 'पाग' टाकला म्हणजे जाळं टाकलं. यांनी 'पाय टाकला' केलंय. कुठे टाकला पाय? पाण्यात?"

"सॉफ्टवेअर आपोआप सुधारतं बाई. ते नंतर दुरुस्त..."

"सुधारतं? तीस वर्षं मी जे शब्द राखले ते आठ दिवसांत सुधारणार तुझं यंत्र? शाळेत पण मला हेच सांगायचे, बाई, कोळ्यांच्या पोरांची भाषा सुधारा. तेव्हा नाही सुधारली, आता सुधारू?" त्या इरावतीकडे वळल्या. "तू लावशील तर पुस्तक निघेल. नाहीतर वह्या परत दे मला."

राजरत्न इरावतीकडे बघत होता. ती हो म्हणेल, वर आभारही मानेल, असं त्याला वाटलं असावं.

"गेलेली पानं मी फुकट लावीन, शब्द दिलाय," इरावती म्हणाली. "पण बाई नवीन मजकूर घालतायत, त्याचा दर पानामागे वीस रुपयांनी जास्त. आणि नारळी पौर्णिमेचं वचन नाही. कोशात चूक गेली तर ती शंभर वर्षं राहते. झालं की देईन."

"ताई, बाजारात दर कमी होतायत..."

"बाजारात वारा मतलबी आहे. तिथे जा."

दमयंतीबाई मोठ्याने हसल्या. राजरत्नने दर मान्य केला.

नारळी पौर्णिमा हुकली. बाईंनी मध्येच दोनशे शब्द वाढवले आणि इरावतीने एकालाही नाही म्हटलं नाही. दर शनिवारी ती डब्याची चाळणी काढून नळाखाली धरायची, लाल पाणी मोरीतून वाहायचं. अनिशविरुद्ध तिने ग्राहक मंचात तक्रार केली, स्वतः लिहून, बिल आणि पेटीवरच्या तक्त्याचा फोटो जोडून. तारखा पडत होत्या. ती प्रत्येक तारखेला जात होती. अनिश एकदाच आला. बाहेर बाकावर म्हणाला, "पाचसहाशेच्या चीजसाठी कशाला एवढं?" ती म्हणाली, "पाचसहाशे काय?" आणि फाइल उघडून वाचत बसली. निकाल अजून लागायचा आहे.

दिवाळीनंतर शेवटची पानं तपासायला राजरत्नकडे पोहोचली. दोन दिवसांनी राजरत्नने पुस्तकाच्या सुरुवातीचं पान पाठवलं, ज्यावर प्रकाशक, मुद्रक, मुखपृष्ठ यांची नावं असतात. इरावतीने ते वाचलं. अक्षरजुळणी या शब्दापुढे छापखान्याचं नाव होतं. तिने फोन लावला.

"अक्षरजुळणी कुणी केली?"

"ताई, ते नेहमीचं असतं. पान आधीच तयार असतं आमच्याकडे, सगळ्या पुस्तकांना तेच."

"या पुस्तकाला नाही. सत्तावीस वर्षांत मी दोनशेवर पुस्तकं लावली, राजरत्न. एकातही माझं नाव नाही. वडिलांचंही नव्हतं. त्यांनी कधी मागितलं नाही, मीही नाही मागितलं. चूक आमची. आता मागतेय."

"पण छापायला द्यायचंय उद्या..."

"छपाईची शेवटची फाइल अजून माझ्याकडे आहे. नाव घाला, दहा मिनिटांत पाठवते."

मग त्याने विचारलं, "काय लिहू?"

"इरावती धुरी, लालबाग."

संध्याकाळी सुधारलेलं पान आलं. तिने ते आपल्या काळ्या, शांत डब्याच्या पडद्यावर मोठं करून बघितलं. अक्षरजुळणी: इरावती धूरी, लालबाग.

तिने चष्मा पुसला, धू खाली रेघ ओढली, समासात 'ऱ्हस्व' लिहिलं आणि पान परत पाठवलं.